प्रदर्शन सुरू असताना पिनहोल फोटो: दालनातला डबा, अंगणातला डबा आणि मधली डार्करूम

कलाप्रदर्शनात पिनहोलचा, म्हणजे भिंगाऐवजी बारीक भोकातून फोटो काढणाऱ्या डब्याचा, कोपरा ठेवला की पहिल्या दिवशी हमखास एक प्रसंग घडतो. कोणीतरी हौसेने डबा उचलतं, चित्रांच्या भिंतीसमोर ठेवतं, एक मिनिटभर भोक उघडतं, आणि डेव्हलपरमधून (आतल्या फोटोच्या कागदावर चित्र उमटवणाऱ्या रसायनातून) कोरा पांढरा कागद बाहेर येतो. मग दुसरा डबा, दुसरा कोरा कागद. डब्यात काही बिघाड नसतो. दालनात उजेडच इतका कमी असतो की मिनिटांत काही उमटत नाही, तिथे तास लागतात.

म्हणून या लेखातली मुख्य सूचना आधीच सांगतो. प्रेक्षकांनी काढायचे फोटो दालनाबाहेर, उन्हात. दालनाच्या आतला फोटो दिवसाला एक, आणि तो आयोजकाने काढायचा. ही विभागणी पाळली की निम्म्या चुका होतच नाहीत. उरलेल्या निम्म्या तयारीत होतात, त्यामुळे लेखाचा मोठा भाग तयारीचाच आहे.

## १. जागा आणि परवानगी (निदान दोन आठवडे आधी)

दालनाच्या व्यवस्थापकांना नुसतं 'फोटोग्राफीचं प्रात्यक्षिक आहे' असं सांगू नका. रसायनं, पाणी, अंधार आणि भिंतीला चिकटपट्टी हे चार शब्द स्पष्ट उच्चारा. बहुतेक ठिकाणी भिंतीला चिकटपट्टी लावू देत नाहीत, आणि टांगलेल्या चित्रांजवळ ओले ट्रे तर कोणीच ठेवू देणार नाही. ते बरोबरच आहे.

डार्करूमसाठी वेगळी खोली मिळाली तर उत्तम. नाहीतर बिनखिडकीचं स्टोअर किंवा न वापरलं जाणारं स्वच्छतागृह चालतं. आत नळ नसला तरी अडत नाही, फिक्सरनंतरचं (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनानंतरचं) धुणं बादल्यांमध्ये बाहेर करता येतं. हवा खेळती हवी मात्र.

फोटोत इतर कलाकारांची चित्रं येणार असतील तर त्यांना आधी विचारा. प्रेक्षकांचे फोटो भिंतीवर लावणार असाल तर त्यांनाही विचारा. लहान मुलं असतील तर आईवडिलांना.

तपासा: दालनाच्या वेळा नेमक्या लिहून घ्या. मुंबईच्या जहांगीरसारख्या ठिकाणी सकाळी ११ ते संध्याकाळी ७ असे ८ तास मिळतात. दालनातल्या डब्याचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा आहे.

## २. भोक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका डब्याच्या भोकाला अर्धा तास लागला तर तो फुकट गेला असं मानू नका.

आधी माप ठरवा. भोकापासून कागदापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ०.०४५ ने गुणा. अंतर १०० मिमी असेल तर वर्गमूळ १०, म्हणजे भोक ०.४५ मिमी. अंतर ६४ मिमी असेल तर ०.३६ मिमी. भोक याहून मोठं झालं तर चित्र मऊ होतं. खूप लहान झालं तरी धूसरच होतं, कारण अरुंद भोकातून जाताना प्रकाश कडांशी पसरतो. 'भोक जितकं बारीक तितकं चित्र स्पष्ट' ही समजूत अर्धवट आहे.

आता कृती:

१. कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियम कॅनमधून २ सेंमी बाय २ सेंमीचा तुकडा कापा. कडा धारदार असतात, मुलांच्या हातात देऊ नका.
२. तुकडा जाड पुठ्ठ्यावर ठेवा आणि शिवणाच्या बारीक सुईने मधोमध दाबा. आरपार भोसकायचं नाही, फक्त खळगा पाडायचा.
३. तुकडा उलटा करा. मागे आलेला उंचवटा ४०० किंवा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा.
४. पुन्हा दाबा, पुन्हा घासा. तीन-चार फेऱ्यांत उजेडाचा ठिपका दिसू लागतो. तेव्हा सुईचं फक्त टोक घालून गोल फिरवा.
५. भिंगातून उजेडाकडे धरून बघा. कड गोल आणि स्वच्छ हवी, बूर राहिला असेल तर पुन्हा घासा.

तपासा: भोकाचा तुकडा फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० डीपीआयला स्कॅन करा. या मापात १ मिमी म्हणजे सुमारे ९४ पिक्सेल, तेव्हा ०.४५ मिमीचं भोक ४२ पिक्सेलच्या आसपास भरायला हवं. सुईच्या नंबरावर विसंबू नका, एकाच सुईने दोन हात दोन मापांची भोकं पाडतात.

## ३. डबा

दूध पावडरचा किंवा बिस्किटांचा पत्र्याचा गोल डबा घ्या, व्यास साधारण १० सेंमी. आतून मॅट काळा स्प्रे मारून एक दिवस वाळू द्या. उंचीच्या मध्यावर १ सेंमीची खिडकी पाडा आणि भोकाचा तुकडा आतून काळ्या इन्सुलेशन टेपने चिकटवा. बाहेरून त्याच टेपची पट्टी, एक टोक दुमडलेलं. हेच शटर.

झाकण पत्र्याचंच हवं. दूध पावडरच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण डोळ्यांना अपारदर्शक वाटतं, पण भर उन्हात त्यातून उजेड झिरपतो. माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी अशीच झाकणं वापरली आणि सकाळचे १४ कागद एकामागून एक काळे निघाले. घरी खोलीत चाचणी घेतली होती, तिथे सगळं ठीक होतं. उन्हात घेतली नव्हती.

डब्यांवर मोठ्या अक्षरांत नंबर टाका. प्रत्येक डब्याचं भोक वेगळं, म्हणून वेळही वेगळी. नंबर नसेल तर कालच्या अनुभवाचा आज काही उपयोग होत नाही. प्रेक्षकांसाठी सहा आणि दालनासाठी दोन, असे आठ डबे आठवडाभराच्या प्रदर्शनाला पुरतात.

## ४. डार्करूम

कागद आरसी प्रकारचा (प्लास्टिकचा थर असलेला), व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट (उजेडाच्या रंगाप्रमाणे काळ्या-पांढऱ्यातला फरक बदलणारा), ५ बाय ७ इंच. पृष्ठभाग शक्यतो मॅट किंवा पर्ल, कारण गोल डब्यात चकचकीत कागद वाकला की त्याच्यावरून उजेड उडून दुसऱ्या बाजूला पट्टा उमटतो.

ट्रे तीन, तीन वेगळ्या रंगांचे, आणि प्रत्येकाचा चिमटा वेगळा. डावीकडून उजवीकडे डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारा), फिक्सर. हा क्रम आठवडाभर बदलू नका. फिक्सरचे थेंब डेव्हलपरमध्ये गेले की डेव्हलपर बाद होतो. अंधारात घाईने चिमट्यांची अदलाबदल होते, म्हणून चिमट्यांना ट्रेच्याच रंगाची टेप गुंडाळा.

डेव्हलपर आणि फिक्सरचं प्रमाण बाटलीवर छापलेलं पाळा. स्टॉप बाथ मिळाला नाही तर साधा पांढरा व्हिनेगर एक भाग आणि पाणी दोन-तीन भाग चालतं, फक्त वास दालनात जाऊ देऊ नका.

आता तापमान. बाटलीवरचे वेळ २० अंश सेल्सिअसचे असतात, आणि एप्रिलमध्ये पुण्या-मुंबईत नळाचं पाणीच ३० च्या वर असतं. तिथे डेव्हलपर फार भरभर काम करतो आणि कागद मळकट होतो. डेव्हलपरचा ट्रे मोठ्या घमेल्यात ठेवा आणि घमेल्यात गार पाणी व बर्फ घाला. बर्फाची पिशवी थेट डेव्हलपरमध्ये बुडवू नका, पिशवी गळली तर डेव्हलपर पातळ होतो आणि ते कळतही नाही. २४ अंशांपर्यंत आणलंत तरी पुष्कळ.

तपासा (नाण्याची चाचणी): डार्करूममध्ये कागदाला न बाधणारा लाल दिवाच लावतात; त्याच्याखाली कागदाच्या तुकड्यावर नाणं ठेवा, ५ मिनिटं थांबा, मग तुकडा डेव्हलप करा. नाण्याचा पांढरा गोल दिसला तर दिवा सुरक्षित नाही. बाजारात मिळणारे काही 'लाल' बल्ब म्हणजे पांढऱ्या बल्बवर दिलेला लाल रंग असतो, ते चालत नाहीत.

खबरदारी: हातमोजे प्रत्येकाने घालायचे. ट्रेजवळ चहा-खाणं नको. लहान मुलांनी चिमट्यानेही कागद हलवायचा नाही, त्यांनी बघायचं.

## ५. दालनातच चाचणी (उद्घाटनाच्या आदल्या दिवशी)

ही पायरी वगळली जाते, कारण आदल्या दिवशी सगळे चित्रं टांगण्यात गुंतलेले असतात. तरी तीन तास काढाच.

पहिली चाचणी गळतीची. सगळे डबे कागद भरून, शटर बंद ठेवून, ५ मिनिटं उन्हात ठेवा. अधूनमधून फिरवा. मग कागद डेव्हलप करा. सगळे पांढरे निघाले पाहिजेत. करडी छटा आली तर झाकणाच्या कडेला टेप लावा आणि पुन्हा करा.

दुसरी चाचणी वेळेची. १०० मिमी अंतर आणि ०.४५ मिमी भोक म्हणजे सुमारे एफ २२२ (अंतर भागिले भोक). फोटोच्या कागदाची संवेदनशीलता साधारण आयएसओ ६ धरा. त्यावरून लख्ख उन्हात ३० ते ४० सेकंद, आणि मोकळ्या सावलीत ४ मिनिटांच्या आसपास. हे सुरुवातीचे आकडे. त्याच अंगणात, त्याच वेळी प्रत्यक्ष काढून बघा. कागद काळा निघाला तर वेळ निम्मी करा, कोरा निघाला तर दुप्पट. पाच-पाच सेकंदांनी वाढवत बसू नका, त्या फरकाने काही दिसत नाही.

## ६. प्रेक्षकांचे फोटो: अंगणात

एका माणसाला भरणं, काढणं आणि धुणं मिळून २० मिनिटं लागतात. म्हणून 'येईल त्याला डबा' असं न करता अर्ध्या तासाची पाळी आणि पाळीला सहा जण ठेवा. उद्घाटनाच्या संध्याकाळी हा प्रकार ठेवू नका. गर्दी असते आणि ऊन गेलेलं असतं.

कागद भरताना तीन गोष्टी चुकतात. एक, कागद उलटा बसतो. इमल्शनची, म्हणजे उजेडाला संवेदनशील थराची, बाजू भोकाकडे हवी. ओलसर बोट कोपऱ्याला लावून बघा, किंचित चिकटतं ती इमल्शनची बाजू. दोन, कागद पूर्ण गोल गुंडाळला जातो आणि त्याचीच कड भोक झाकते. १० सेंमीच्या डब्याचा आतला घेर ३१ सेंमी आणि कागदाची लांबी १८ सेंमीच्या आत, तेव्हा दोन्ही कडा भोकापासून समान अंतरावर येतील असा बसवा. तीन, डब्यात नुसता ठेवलेला कागद चालताना घसरतो, मागे दुहेरी टेपचा एक ठिपका द्या.

मग अंतर. लोक समूहफोटोच्या सवयीने दहा फूट लांब उभे राहतात आणि चित्रात मुंगीएवढे येतात. असा डबा जवळजवळ अर्धं जग एका नजरेत घेतो. व्यक्तीचा फोटो असेल तर डबा एका हाताच्या अंतरावर ठेवा. बसणाऱ्याच्या पाठीला भिंत द्या, डोकं टेकलेलं असलं की ४० सेकंद सहज स्थिर राहतं.

डबा हातात धरून काढू नका. स्टुलावर ठेवा, वर वीट किंवा वाळूची पिशवी. शटरची पट्टी उचकटताना हिसका बसतो, म्हणून आधी भोकासमोर काळा पुठ्ठा धरा, पट्टी काढा, डबा स्थिर झाला की पुठ्ठा हलवा.

भर दुपारचं ऊन टाळा. व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागद निळ्या उजेडाला फार तीव्र उत्तर देतो, आकाश कोळशासारखं काळं होतं आणि चेहरा कोराच राहतो. सकाळी किंवा चारनंतर काढा, नाहीतर भोकाबाहेर पिवळा जिलेटिन कागद लावून वेळ वाढवा.

रांगेत थांबलेल्यांना हे सगळं कसं चालतं ते सांगायला तक्ता नको. कौलातून किंवा झाडातून जमिनीवर पडणारा कवडसा दाखवा. फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल पडतो, कारण तो सूर्याचं चित्र असतो. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली ज्यांनी पाहिली आहे त्यांना एवढ्यावर सगळं कळतं.

## ७. दालनातला फोटो: दिवसाला एक

हे काम मला सगळ्यात प्रिय आहे, आणि याच ठिकाणी धीर सुटतो.

फोनवर लाइट मीटरचं कोणतंही ॲप घ्या, आयएसओ ६ आणि एफ २२ लावा. ॲपमध्ये आयएसओ २५ पासूनच आकडे असतील तर २५ लावून येईल ती वेळ चौपट करा. आता १०० ने गुणा, कारण एफ २२ पासून एफ २२२ पर्यंत उजेड सुमारे शंभरपट घटतो. दालनात साधारण एक मिनिट असं उत्तर येतं, म्हणजे पिनहोलला १०० मिनिटं. इतक्यावर थांबू नका. मंद उजेडात कागदाची संवेदनशीलता आणखी घटते, आणि दालनातले पिवळसर स्पॉटलाइट कागदाला नीट दिसतच नाहीत. म्हणून उत्तराची दुप्पट-तिप्पट करा. हिशेब सव्वातीन ते पाच तासांवर येतो.

सकाळी दालन उघडताना शटर काढा आणि बंद होताना लावा. उजेड फारच कमी असेल तर डबा न हलवता दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडा, त्याच कागदावर दोन दिवसांचा उजेड साठतो. डबा उंच कपाटावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा. समोर उघडी खिडकी येऊ देऊ नका, तिच्यामुळे कागदाचा तेवढा भाग जळतो आणि बाकी अंधार राहतो.

अशा फोटोत फिरणारे प्रेक्षक उमटत नाहीत. भिंती, चौकटी, बाक दिसतात, आणि बाकावर रोज तासनतास बसणारा पहारेकरी धूसर दिसतो. कोणाला ठळक आणायचं असेल तर त्याला एका जागी बसायला काम द्या. एकदा मी एका चित्रकर्तीला डब्यासमोर दिवसभर चित्र काढत बसवलं. तिचा हात विरून गेला होता, खांदे आणि कॅनव्हास मात्र स्पष्ट आले.

खबरदारी: डब्याजवळ पाटी लावा: 'हा कॅमेरा चालू आहे, हात लावू नये.' पाटी नसेल तर दुपारी कोणीतरी डबा उचलून हलवून बघतोच.

## ८. धुणं आणि उलट-सुलट

कागद डेव्हलपरमध्ये एका झटक्यात बुडवा आणि ट्रे हलवत राहा. चित्र १०-१५ सेकंदांत दिसू लागावं आणि कागद पूर्ण वेळ आत राहावा. लाल दिव्यात सगळं प्रत्यक्षापेक्षा गडद दिसतं, त्यामुळे लोक घाबरून अर्ध्यातच बाहेर काढतात आणि फोटो मळका होतो. पाच सेकंदांत काळं पडू लागलं तर उजेड जास्त गेला आहे, लवकर काढून तो वाचणार नाही. नवा कागद घ्या.

स्टॉपमध्ये १० ते १५ सेकंद, फिक्सरमध्ये बाटलीवर लिहिलेला वेळ, मग वाहत्या पाण्यात २ मिनिटं. बादल्या असतील तर तीन वेळा पाणी बदलून. मागे पेन्सिलने डबा, वेळ, तारीख लिहायचं ते मात्र डब्यात भरण्याआधी, ओल्या कागदावर उमटत नाही.

हाती येतं ते निगेटिव्ह, आणि तेही आरशातल्यासारखं. दालनाची पाटी उलटी वाचता येते. फोनने फोटो काढून रंग उलटवत असाल तर आडवं फ्लिपही करा. डार्करूममध्येच पॉझिटिव्ह करायचं असेल तर कोऱ्या कागदावर निगेटिव्ह पालथं ठेवा, म्हणजे इमल्शनला इमल्शन, वर काच, आणि पांढरा दिवा दोन-चार सेकंद. यात अक्षरं आपोआप सुलटी होतात.

## ९. बाजूची कामं: हळद, निळे ठसे आणि अंधारा तंबू

पाळीची वाट बघणाऱ्यांसाठी ही कामं ठेवा. डार्करूम लागत नाही.

हळदीचे ठसे. दोन मोठे चमचे हळद १०० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळून गाळा, जाड जलरंगाच्या कागदावर ब्रशने लावा, सावलीत वाळवा. वर पान किंवा ट्रान्सपरन्सी (पारदर्शक फिल्मवर छापलेलं चित्र), त्यावर काच, आणि दोन-तीन तास ऊन. उघडा भाग फिका पडतो. मग टाकणखाराच्या पाण्यात बुडवलं की पिवळं तांबूस होतं. हळदीपासून कुंकू करताना होतो तोच हा रंगबदल. ठसा कायमचा टिकत नाही, हे घेऊन जाणाऱ्याला सांगा. स्पिरिट पेट घेतं, जवळ ज्योत नको.

सायनोटाइप, म्हणजे निळे ठसे. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलीत. लावायच्या वेळी समभाग मिसळा, मंद उजेडात कागदाला लावा, अंधारात वाळवा. उन्हाळ्याच्या उन्हात ५ ते १० मिनिटं, मग पिवळं पाणी जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा. फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल कधीही आणू नका.

इथली नेहमीची चूक: पिनहोलचं आरसी निगेटिव्ह थेट सायनोटाइपवर ठेवणं. त्या कागदातून अतिनील किरण पुरेसे जात नाहीत. त्याचा फोटो काढून ट्रान्सपरन्सीवर छापून घ्या. सायनोटाइपला निगेटिव्ह लागतं, हळदीला पॉझिटिव्ह, कारण हळद उजेडात उडते.

अंधारा तंबू. काळ्या कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा, माणूस मावेल एवढा. समोरच्या भिंतीत १० मिमीचं भोक आणि एक-सव्वा मीटरवर पांढरा कागद. माणसाच्या डोळ्याला दिसायचं असेल तर भोक मोठंच हवं. बाहेरचं दृश्य उन्हात आणि तंबू सावलीत हवा, म्हणून पश्चिमेकडे तोंड करायचं ते सकाळी. आत गेल्यावर पाच मिनिटं नुसतं बसायला सांगा. डोळे सरावले की उलटं अंगण दिसू लागतं आणि लोक कोळशाने ते गिरवतात. ही चित्रं फोटोंच्या शेजारी दोरीवर लावा, दोन्ही त्याच अंगणाची असतात.

## १०. सात दिवसांचा डबा, आणि आवरणं

पहिल्या दिवशी एक डबा गच्चीवर घट्ट बांधून ठेवा, भोक उघडं. सात दिवसांत कागदावर सूर्याच्या सात वाटा उमटतात. हिवाळ्यात डब्याचं तोंड दक्षिणेला, थोडं मागे कलतं. एप्रिल-मेमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरच असतो, तेव्हा पूर्व किंवा पश्चिम धरा. चुकून उजेड लागलेले कागद या कामी येतात. पावसाळ्यात नको.

हा कागद डेव्हलप करायचा नाही. डेव्हलपरमध्ये घातला की पूर्ण काळा होतो. मंद उजेडात काढा, तसाच स्कॅनरवर ठेवा आणि एकदाच, चांगल्या रिझोल्यूशनला स्कॅन करा. स्कॅनरचा दिवाही त्याच्यावर परिणाम करतो. मग काळ्या पाकिटात.

वापरलेला फिक्सर गटारात ओतू नका, त्यात चांदी विरघळलेली असते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, 'वापरलेला फिक्सर' अशी चिठ्ठी लावा, आणि एक्स-रे फिल्ममधून चांदी काढणाऱ्याकडे द्या. स्टोअरच्या फरशीवर डेव्हलपर सांडला असेल तर त्याच संध्याकाळी पुसा. सकाळपर्यंत तपकिरी डाग धरतो, आणि पुढच्या वेळी ती खोली मागायची असते.